आईचं कार्ड, तुझा हात

वहिनी, तू गेलीस त्या दिवशी मी आईसाठी रडले.

दुसरा तास चालू होता. सातवीच्या वर्गात मी फळ्यावर गणित लिहीत होते आणि टेबलावर मोबाइल थरथरत होता. दादा कचेरीच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून उचलला. तो म्हणाला, "गेली वं माधुरी. ये लवकर." एवढं बोलून फोन ठेवला. कोण गेली, हे मी विचारलंच नाही. त्यात विचारायचं काय? अकरा वर्षांपासून आपल्या घरात एकच माणूस जाणार होतं. मुख्याध्यापकांना सांगितलं, आई गेली. कुणीतरी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं आणि मी समुद्रपूरला पोचायच्या आत हात जोडलेल्या चित्रांचा ढीग माझ्या मोबाइलवर येऊन पडला. बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकवून मनसोक्त रडले. आणि खरं सांगते, रडता रडताच मनात आलं, आता वहिनी सुटली. आता हिला हिंगणघाटला नेईन, पंधरा दिवस कशाला हात लावू देणार नाही. सकाळी आठपर्यंत झोपू देईन. बसच्या त्या दीड तासात मी तुझ्या सुटकेचे बेत करत होते.

अंगणात बाया बसल्या होत्या. मला बघून त्यांनी वाट दिली. मी सरळ आईच्या खोलीत गेले. आई पलंगावर होती. डोळे उघडे, उजव्या हातात तिचा तो स्टीलचा ग्लास. मला बघून तिच्या तोंडून आवाज निघाला. मला वाटलं, चूक झाली, आई परत आली. "आई आहे, आई आहे," असं ओरडतच मी बाहेर धावले. अंगणातल्या बाया माझ्याकडे बघत राहिल्या. मग मला ओसरीतली पांढरी चादर दिसली. चादरीबाहेर आलेल्या टाचांच्या भेगा मी ओळखल्या. त्या भेगांसाठी मी आणून दिलेली मलमाची ट्यूब तू आईच्या पाठीला लावून संपवली होतीस.

आज दहावा दिवस आहे. शाळेतल्या अर्ध्या लोकांना अजूनही वाटतं की माझी आई गेली. मी त्यांना दुरुस्त करत नाही, कारण 'भावजय गेली' म्हटलं की लोक "अरेरे" म्हणतात आणि लगेच विचारतात, "मग आता आईचं कोण करेल?"

तू कशी पडलीस ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. दादा नऊला समुद्रपूरला कचेरीत गेला होता. तुझी लेक प्राची कॉलेजच्या बसला गेली होती. तू आईसाठी पेज घेऊन स्वयंपाकघरातून निघालीस आणि तिच्या दाराशी पोचायच्या आत कोसळलीस. आईला पलंगावरून तुझे पाय दिसत होते. तिची डावी बाजू आणि वाचा लकव्यानं कधीच नेली, राहिला तो उजवा हात. त्या हातानं ती ग्लास पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवत राहिली. जवळजवळ तासभर वाजवला म्हणे. सगळ्या गल्लीनं ऐकला. शेजारची बेबीमावशी मला सांगताना पदराचं टोक चावत होती. "ग्लास वाजून राह्यला व्हता, पोरी. पन तो रोजच वाजते. म्हटलं, वनिता हाय." शेवटी ती आली तीही ग्लास ऐकून नाही. ती विरजण मागायला आली होती.

म्हणजे ग्लास वाजला की तू येतेस, हे गल्लीला इतकं पाठ होतं की ग्लास तुझ्यासाठीही वाजू शकतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तरी कुठे आलं असतं?

समुद्रपूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तू नव्हतीसच. डॉक्टरांनी दादाला विचारलं, काही आजार होता का, काही गोळ्या चालू होत्या का. दादा म्हणाला, "नाई जी. तब्येत एकदम चांगली. कधी काई तक्रारच नाई." डोक्यातली नस फुटली असावी, असं डॉक्टर म्हणाले आणि कागद दिला. तो कागद मी हातात घेऊन बसले होते. प्राचीच्या वेळच्या तुझ्या बाळंतपणाचे कागद सोडले, तर दवाखान्यातला तुझ्या नावाचा तो एवढाच कागद. आईच्या कागदांची मात्र तू कापडी पिशवी शिवली होतीस, आत कप्पे करून.

आपण दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या. तू या घरात आलीस तेव्हा बाबांच्या घशाचं दुखणं निघालं होतं. आई कामावर जायची, बाबांजवळ मी बसायची आणि माझं डी.एड.चं पत्र येऊन पडलं होतं. दादाचं लग्न घाईनं उरकलं ते काऊन, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, पण पंधरा दिवसांत तुझं तुलाच कळलं असेल. पुढच्या महिन्यात मी वर्धेला होस्टेलला निघाले. ट्रंकेची एक कडी माझ्या हातात, दुसरी तुझ्या. स्टँडपर्यंत तू ती वाहिलीस. बस आली तेव्हा म्हणालीस, "ताई, बाबाची काळजी नका करू. मी हावो ना." मी खिडकीतून हात हलवला आणि बस वळायच्या आत विसरूनही गेले. बावीस वर्षं झाली. तू आलीस म्हणून मी गेले, हे साधं वाक्य मी तुला एकदाही म्हटलं नाही. आमच्या घरात मुलींना शिकवतात, हे आम्ही चारचौघांत छाती फुगवून सांगतो. बाबांनी मजुरी करून मला मास्तरीण केलं, ते खरंच आहे. पण त्या शिक्षणाखालची एक ट्रंकेची कडी तुझ्या हातात होती, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तू आठवीतून शाळा सोडलीस, कारण तुझ्या आईला क्षय झाला होता आणि पाठचे दोन भाऊ लहान होते. मग इथे बाबा. मग प्राची. बाबा गेल्यावर तुला चार-सहा वर्षं मिळाली तेवढीच, मग आई पडली. माझी एकदा बदली झाली आणि मी घरी येऊन रडगाणं गायला बसले, तेव्हा तू चुलीपाशी हसत म्हणाली होतीस, "ताई, माह्यी बी बदली झाली. बाबाच्या खाटेवरून आईच्या पलंगाले." आम्ही सगळे किती हसलो होतो. मी तो विनोद स्टाफरूममध्ये सांगितलाही.

तू हसवायचीस, ही तुझी मोठी चलाखी होती. महिन्यातून एका रविवारी मी यायची, आईच्या पाठीवर जखमा नाहीत ना ते बघायची, नखं बघायची, चादरीचा वास घ्यायची. तू दारातूनच म्हणायचीस, "आल्या तपासणीवाल्या." मला ते आवडायचं. आपण किती लक्ष ठेवतो, असं वाटायचं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला उंट आवडतोच.

गिरडची ती दुपार आठवते? तीन वर्षं झाली. आईजवळ एका दिवसासाठी बेबीमावशीला बसवून मी तुला टेकडीवर ओढत नेलं होतं. दर्ग्याच्या वाटेवर थोड्याच पायऱ्या चढून तू बसलीस. चप्पल चावते म्हणालीस. तुझ्या कपाळावर घाम होता आणि एक हात मानेमागे होता. मी तुझी टर उडवली. म्हटलं, मी हिंगणघाटची, लिफ्टनं चढणारी, चढते आहे आणि तू गावची असून बसलीस? तू म्हणालीस, "तुमी जा. मी इथूनच पाह्यतो." मी वर जाऊन आले. तू तिथेच बसली होतीस, चप्पल पायातच. काढून बघितलीही नव्हतीस. मला विचारलंस, "वर वारा असन ना?" मी म्हटलं, खूप. परत येताना तू फोन हातातून खाली ठेवला नाहीस, बेबीमावशीला तीनदा विचारलंस, आई निजली का. चपलेचं मी पुन्हा काढलं नाही. चप्पल चावत असेल, तर ती पायातून कोण काढत नाही? एवढं साधं गणित, आणि मी गणित शिकवते.

आता ते सांगते, जे तुला माहीत आहे आणि मला पाच दिवसांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं.

आपलं शेवटचं भांडण मिठावरून झालं. भांडण कसलं, मी बोलले आणि तू ऐकलंस. उपकेंद्रातून आईच्या बीपीच्या गोळ्या मिळायच्या आणि कार्डावर दर महिन्याचा आकडा लिहिला जायचा. प्राची त्या कार्डाचा फोटो मला मोबाइलवर पाठवायची, तशी माझीच ताकीद होती. दोन वर्षं तो आकडा चढत होता. एकशे पन्नास, साठ, सत्तर. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी चढतच होता. दोन महिन्यांपूर्वी एकशे शहाण्णव आला आणि मी शाळेच्या व्हरांड्यातून तुला फोन केला. म्हटलं, मीठ बंद कर म्हणून किती वेळा सांगितलं, लोणचं देतेस ना अजून, मला सगळं कळतं. तू काही बोलली नाहीस, म्हणून मला अजून चेव आला. मी म्हटलं, "तुला आईला मारायचं आहे का?"

तू म्हणालीस, "नाई ताई. उद्यापासून आळणी करतो." आणि मग विचारलंस, "तुमी जेवल्या का?"

मी फोन ठेवला. पुढच्या रविवारी आले तेव्हा आई आळणी पेज तोंडातून थुंकत होती आणि तू ती पुसत होतीस. मी समाधानानं मान हलवली. माफी मागायची असते, हे मला अजून कळायचं होतं.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी उपकेंद्रातली सिस्टर भेटायला आली. तिच्या हातात आईच्या महिन्याच्या गोळ्याही होत्या. मी मास्तरीण ना, दुःखातही सवय जात नाही. कार्ड आणून तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, बघा सिस्टर, एकशे शहाण्णव बीपीची बाई जिवंत आहे आणि जिला काही नव्हतं ती गेली, असं कसं होतं? सिस्टरनं कार्ड हातात घेतलं नाही. ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, हे आकडे आईचे नाई."

मला समजलं नाही.

तिनं सांगितलं ते असं. कार्डावर आणि तिच्या मोबाइलमध्ये आकडा भरल्याशिवाय पुढच्या महिन्याच्या गोळ्या निघत नाहीत. उपकेंद्र दोन किलोमीटरवर, आईला तिथे न्यायचं तर गाडी आणि चार माणसं हवीत. सिस्टरकडे गावं बरीच, जोडीच्या सिस्टरची जागा रिकामी, दर महिन्याला घरी येणं तिला जमेना. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी तू गोळ्यांसाठी उभी होतीस आणि आकड्याचा रकाना रिकामा होता. तू बाही वर करून हात पुढे केलास. म्हणालीस, "माह्या हाताचं घ्या. आमी दोघी एकाच घरचं खातो." दोघी हसलात. रकाना भरला, गोळ्या मिळाल्या. पुढच्या महिन्यातही तसंच झालं. मग ती रीतच पडली. आकडा चढायला लागला तेव्हा सिस्टर घाबरली. तिनं तुला सांगितलं, एकदा नाही, दर खेपेला सांगितलं.

"मी म्हनो, वहिनी, आता तुमच्या नावचं कार्ड काढू. मंगळवारी सकाळी उपाशीपोटी या रक्त द्याले. तं म्हने, सकाळी आईले धुनं, भरवनं रायते, सकाळी कशी येऊ? दुपारी घेत असान तं यीन." सिस्टरचे डोळे भरून आले होते. "दुपारी रक्त घेत नाई ना, ताई. अन् कार्डावरचं खोडलं असतं तं आईच्या गोळ्या बंद झाल्या असत्या. मी बी गप्प राह्यली."

मी तिच्यावर ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण माझ्या मोबाइलमध्ये त्या कार्डाचे दोन वर्षांचे फोटो होते. तुझं बीपी मी दर महिन्याला बघत होते, वहिनी. एकही महिना चुकवला नाही. तुझ्या डोक्यातली नस फुगत चाललेली मी हिंगणघाटला खुर्चीत बसून बघितली, आणि त्यावर तुलाच झापलं.

सिस्टरकडे यंत्र होतं. तिनं आत जाऊन आईच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे अठ्ठावीस. माझ्यापेक्षा चांगलं.

मग मला गोळ्या आठवल्या. डॉक्टरांनी त्या चढत्या आकड्यांवरून आईची गोळी वाढवली होती, सकाळची एक होती तिथे संध्याकाळची दुसरी आली होती. खरं बीपी एवढं असताना आईनं ती दुसरी गोळी खाल्ली असती, तर तिला भोवळ आली असती, ती मान टाकून पडली असती. पण आई तर ठीक होती. मग ती गोळी गेली कुठे? प्राची उठली. फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर उघडला. तुझा सुई-दोरा, बटणं आणि खाली रबर लावून ठेवलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. एकही गोळी फोडलेली नाही. दुसरी गोळी आईची नव्हेच, हे तुला ठाऊक होतं, म्हणून आईला तू ती दिली नाहीस. ती गोळी कुणाची होती, हेही तुला ठाऊक होतं. मग खाल्ली का नाहीस?

प्राची म्हणाली, तिनं एकदा विचारलं होतं. तू म्हणाली होतीस, "आजीच्या हायेत. कधी वरून गोळ्या नाई आल्या तं आजीले पुरतीन."

मी एक पट्टी उचलली. मग माझी पर्स ओढली. मी दहा वर्षांपासून बीपीची गोळी घेते, हे तुला माहीतच आहे. शाळेच्या तपासणीत निघालं तेव्हा मी केवढा गाजावाजा केला होता, तू मला उठून पाणी दिलं होतंस. हिंगणघाटला चांगला डॉक्टर आहे, मोबाइलला गजर लावलेला आहे, सकाळी चहाआधी गोळी. दोन्ही पट्ट्या मी शेजारी शेजारी धरल्या. औषध तेच होतं, वहिनी. ताकदही तीच. एकाच वर्षी जन्मलेल्या आपण दोघी, एकच दुखणं, एकच गोळी. माझी माझ्या पर्समध्ये होती आणि तुझी सुई-दोऱ्याच्या डब्यात आईच्या नावानं पडून होती.

मी तुझ्यावर चिडले आहे. हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर हे सगळं खोटं होईल. मी फोनवर तुला एवढं घालूनपाडून बोलले तेव्हा तू एक वाक्य का बोलली नाहीस? "ताई, ते माह्यं बीपी हाय." पाच शब्द तर होते. सिस्टर अडचणीत येईल म्हणून? गोळ्या बंद होतील म्हणून? की मी रविवारी येऊन अजून एक तपासणी करीन म्हणून? की तुलाच वाटत होतं, आपलं काय, आईचं आधी? मी रोज तुझ्याशी हे भांडते आणि रोज हरते, कारण दर वेळी तू शेवटी मला विचारतेस, जेवल्या का.

सिस्टर गेल्यावर मी आईच्या ताटात मीठ घातलं, आंब्याच्या लोणच्याची फोड ठेवली. आईनं ती जिभेवर घेतली आणि डोळे मिटले. मग तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. कशासाठी, ते तिला सांगता येत नाही. ती दिवसभर त्या दाराकडे बघते, जिथे तुझे पाय दिसत होते.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदन झालं. भन्ते आले, त्रिशरण-पंचशील झालं, तुझ्या फोटोला सगळ्यांनी फुलं वाहिली. मग जेवणं झाली आणि मांडवात तो विषय निघाला. मोठ्या काकांनी सुपारी कातरत काढला. आता म्हातारीचं कसं? आणि लगेच उत्तरही तेच म्हणाले, "प्राची हाय ना घरी. अपडाऊनच तं करते. परीक्षा का, घरूनबी देता येते." कुणी 'नाही' म्हटलं नाही. एक मावशी म्हणाली, पोर गुणाची आहे, मायवर गेली आहे. प्राची ताटं उचलत होती. तिनं ऐकलं. तिचा चेहरा बदलला नाही आणि त्याचीच मला भीती वाटली. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे तिचं. तू गेल्यापासून ती एकदाही कॉलेजला गेली नव्हती. 'कधी जाणार' असं मीही विचारलं नव्हतं, कारण ती होती म्हणून मला आईची दुपार करावी लागत नव्हती. बावीस वर्षांपूर्वीची ट्रंक पुन्हा उचलली जात होती आणि मी पुन्हा खिडकीतच बसले होते.

तेवढ्यात आत ग्लास वाजला.

मांडवात आम्ही वीसेक माणसं असू. दादा होता, काका होते, चुलत भाऊ, त्यांच्या बायका, मी. बोलणं एक अक्षरही थांबलं नाही. ग्लास वाजला, प्राचीनं हातातली ताटं खाली ठेवली, ओढणी खोचली आणि वळली. तुझ्यासारखीच वळली, आधी खांदा आणि मग पाय.

मी म्हटलं, "प्राची, बस."

ती थबकली. "आत्या, आजीले लघवीचं भांडं पाह्यजे असन."

"बस म्हटलं ना."

माझा आवाज वर्गातला होता. ती खुर्चीच्या कडेला टेकली. बोलणं थांबलं. ग्लास वाजतच होता. मी दादाकडे बघितलं. दादा वाईट माणूस नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दारू नाही, शिवी नाही, पगार आणून तुझ्या हातात द्यायचा. पण अकरा वर्षांत त्यानं आईला एकदाही कूस बदलून दिलेली नाही. ते बाईमाणसाचं काम, आणि बाईमाणूस घरात होतं. मी म्हटलं, "दादा, सोमवारपासून प्राची कॉलेजला जाईल. ती परीक्षा कॉलेजात देईल. शनिवार-रविवार आई माझी, मी मुक्कामाला येईन आणि मे महिना तिला हिंगणघाटला नेईन. बाकीचे दिवस तुझे. कचेरीच्या वेळेत बेबीमावशीला बसवू, तिला फुकट नाही बसवायचं. आणि आता ग्लास वाजतोय."

काका म्हणाले, "माणूस कसं करन वं हे?"

मी दादावरून नजर हलवली नाही. खरं तर उठून आपणच जावं आणि हा प्रसंग मिटवावा, असं फार वाटत होतं. मंडपभर माणसं खाली मान घालून बसली होती आणि आत आई लोखंडावर लोखंड आपटत होती. तो आवाज इतका लांबलेला कुणी कधी ऐकला नव्हता. एकदाच, सात दिवसांपूर्वी, सगळ्या गल्लीनं ऐकला होता. बेबीमावशीनं कानावर पदर ओढला.

दादा उठला. धोतराला हात पुसल्यासारखे त्यानं पँटला हात पुसले. आत गेला. मी आणि प्राची दारापर्यंत गेलो. आईनं त्याला बघून ग्लास थांबवला. तो पलंगाजवळ उभा राहिला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कोपऱ्यात बघितलं. मग त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि रोजच्या आवाजात हाक मारली, "प्राचीची माय, आईचं भांडं कुठं ठेवलं वं?"

आपण काय बोललो ते दादाला कळलं तेव्हा त्यानं पलंगाची दांडी धरली. प्राची पुढे निघाली, तिच्या ओठांवर उत्तर आलंच होतं. मी तिचं मनगट पकडलं. म्हटलं, त्याला शोधू दे.

तो रडत शोधत होता. दाराआड बघितलं, मोरीत बघितलं, खिडकीत बघितलं. मग गुडघ्यावर बसला आणि वाकला.

पलंगाखालीच होतं, वहिनी. अकरा वर्षं तिथंच होतं.